वर्षावनाचा बायोमास रडारने काढताना आकडा दोनशेच्या आसपास का अडकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सदाहरित वर्षावनातले २० × ५० मीटरचे तीसेक प्लॉट, म्हणजे झाडं मोजलेले नमुन्याचे तुकडे, हाताशी आहेत. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रतिमा आणि पालसार-२ या जपानी उपग्रह-रडारचं २५ मीटरचं वार्षिक मोझेक घेऊन रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयझाडांची सरासरी घेणारं मॉडेल, चालवलं. प्लॉटवर बायोमासचे, म्हणजे उभ्या झाडांच्या कोरड्या वजनाचे, हेक्टरी ४०० टनांपर्यंत आकडे आहेत, पण नकाशात १८०-२०० च्या पुढे काही सरकत नाही आणि विरळ जंगलात मात्र खऱ्यापेक्षा जास्त येतं. बँड (रडारच्या तरंगलांबीचा पट्टा) चुकला, मॉडेल चुकलं की प्लॉट?

तिन्हींचा थोडाथोडा हात आहे, पण मूळ दुखणं त्याही आधीचं आहे. रडार बायोमास मोजतच नाही. पाठवलेल्या लहरींपैकी किती ऊर्जा परत आली, एवढंच ते सांगतं. ही परत आलेली ऊर्जा, म्हणजे बॅकस्कॅटर, ठरते ती झाडाच्या भागांचा आकार, त्यांची मांडणी आणि त्यांच्यातलं पाणी यांवर. हेक्टरमागे किती टन लाकूड उभं आहे हे आपण त्यावरून अनुमानाने काढतो. कोवळ्या किंवा विरळ जंगलात हे अनुमान बऱ्यापैकी चालतं. घनदाट वर्षावनात एका मर्यादेनंतर बॅकस्कॅटर आणि बायोमास यांचा संबंधच सुटतो. तिथून पुढे झाडांची उंची लागते, आणि उंची मिळाली तरी लाकडाची घनता लागते. ती कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

आधी बँडचं पाहू. लहर साधारणपणे आपल्या तरंगलांबीच्या मापाच्या किंवा त्याहून मोठ्या वस्तूंवरून जोरात परतते; त्याहून बरंच बारीक जे असेल त्यातून ती बरीचशी आरपार जाते. एक्स-बँडची लांबी सुमारे ३ सेंमी, म्हणजे ती वरच्या पानांतच थांबते. सेंटिनेल-१ चा सी-बँड ५.६ सेंमीचा, पानं, डहाळ्या आणि पर्णछत्राचे वरचे काही मीटर. पालसार-२ चा एल-बँड २३-२४ सेंमीचा. तो पानांना फारसं जुमानत नाही, फांद्यांपर्यंत आणि काही प्रमाणात खोडांपर्यंत पोचतो. पी-बँड सुमारे ७० सेंमीचा. जाड फांद्या, खोडं आणि खालची जमीन. मोठ्या झाडाचं बहुतेक वजन खोडात आणि जाड फांद्यांत असतं, त्यामुळे कोणता बँड कामाचा हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिला सल्ला: बायोमासच्या आकड्यासाठी सेंटिनेल-१ बाजूला ठेवा. ते फुकट आहे, नियमित आहे, ढगांखालचं दाखवतं, हे सगळं खरं. पण इमहॉफ यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की सी-बँडचा बॅकस्कॅटर हेक्टरी २० टनांच्या आसपासच सपाट होऊ लागतो. त्यांचेच एल-बँडसाठीचे आकडे ४० आणि पी-बँडसाठीचे १०० टन होते. पुढच्या अभ्यासांत या मर्यादा जंगलाच्या रचनेनुसार वर सरकल्या. आफ्रिकेतल्या सव्हाना आणि विरळ वनांत एल-बँडने १५० टनांपर्यंत साथ दिली. पण क्रम बदलला नाही. ४०० टनांच्या जंगलात सी-बँड तुम्हाला पर्णछत्राचा वरचा पापुद्रा दाखवतो. तो पापुद्रा १०० टनांच्या जंगलातही तसाच असतो. सेंटिनेल-१ चा खरा उपयोग तोड पकडण्यासाठी आहे. वाखेनिंगन विद्यापीठाची 'रॅड' ही वृक्षतोडीची सूचना देणारी यंत्रणा १० मीटरच्या बारकाईने त्यावरच चालते.

आता सॅच्युरेशन, म्हणजे बायोमास वाढूनही बॅकस्कॅटर न वाढणं. 'एल-बँड अमुक टनांना सॅच्युरेट होतो' असं वाक्य सगळे टाकतात, पण त्या जागी गणितात नेमकं काय होतं हे पाहिल्याशिवाय तुमचा नकाशा का सपाट आला ते कळणार नाही. वॉटर क्लाउड मॉडेल नावाचं जुनं, साधं मॉडेल घ्या. त्यात मोकळ्या जमिनीचा बॅकस्कॅटर हे एक टोक, पूर्ण दाट जंगलाचा दुसरं टोक, आणि बायोमास वाढेल तसं घातांकी वेगाने पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायचं. निव्वळ उदाहरण म्हणून एल-बँडच्या एचव्ही पोलरायझेशनला (आडवी लहर पाठवून उभी टिपणं) शोभतील असे आकडे धरू, डेसिबल या ऊर्जेच्या लॉगॅरिदमी मापात: जमीन उणे १८ डेसिबल, दाट जंगल उणे ११.५ डेसिबल, आणि घातांकातला गुणक हेक्टरी एका टनामागे ०.०१२.

हे मांडलं की ५० टनांना उणे १३.९ डेसिबल येतात. १०० टनांना उणे १२.७. २०० टनांना उणे ११.८. ३०० टनांना उणे ११.६. ४०० टनांना उणे ११.५ च्या जवळ. पहिल्या ५० टनांत ४ डेसिबलची चढण आहे, पुढच्या ५० मध्ये सव्वा डेसिबल, आणि २०० वरून ४०० वर जाताना, म्हणजे जंगल दुप्पट होताना, जेमतेम ०.३ डेसिबल.

आता हेच उलटं वाचा, कारण आपण प्रत्यक्षात उलटंच वाचत असतो. मोजमाप उणे ११.८ आलं तर मॉडेल सांगतं २०४ टन. उणे ११.६ आलं तर २९४ टन. ०.२ डेसिबलने हेक्टरी ९० टनांचा फरक पडला! आणि ०.२ डेसिबल म्हणजे काय? आदल्या दिवशी पाऊस पडून पानं आणि माती ओली असली तर बॅकस्कॅटर एखाद्या डेसिबलनेही हलू शकतो. २५ मीटरच्या एका पिक्सेलमध्ये १६ लुक्स (सरासरीत घेतलेली स्वतंत्र मोजमापं) आहेत असं धरलं, तर नुसत्या स्पेकलमुळे, म्हणजे रडार प्रतिमेतल्या दाणेदार गोंगाटामुळे, येणारी दोलायमानता सुमारे १.१ डेसिबल आहे. शेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून १०० मीटरचा चौकोन केला, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मानलं, तरी ०.२७ डेसिबल उरतातच. म्हणजे दाट जंगलात संकेत आहे तो गोंगाटाच्या खाली आहे. सॅच्युरेशन म्हणजे रडार अचानक आंधळं होतं असं नाही; वक्र इतका सपाट होतो की लहानशी चूक टनांत फुगून निघते.

याहून वाईटही घडतं. मर्मोझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की दाट जंगलात एल-बँडचा बॅकस्कॅटर सपाट तर होतोच, पण बायोमास आणखी वाढल्यावर किंचित खाली येतो, कारण वरचा थर लहरी शोषून घेतो आणि आतून परत येणारी ऊर्जा घटते. म्हणजे एकाच बॅकस्कॅटरला दोन बायोमास जुळतात. अशा ठिकाणी कुठलंही मॉडेल मधला आकडा काढून मोकळं होतं, आणि रँडम फॉरेस्ट तर स्वभावानेच सरासरीकडे झुकणारं. तुमचं १८०-२०० चं छत आणि विरळ जंगलातली सूज ही एकाच कारणाची दोन टोकं आहेत: जिथे चलांनी माहिती दिली नाही तिथे मॉडेलने प्रशिक्षणातल्या प्लॉटची सरासरी दिली. रँडम फॉरेस्टमधल्या निर्णयझाडांची संख्या वाढवून किंवा आणखी टेक्स्चरची (प्रतिमेच्या पोताची) चलं कोंबून हे सुटणार नाही.

आर-स्क्वेअर (मॉडेल किती जुळलं याचं माप) बघून खूष होण्याआधी प्लॉट प्रशिक्षण आणि पडताळणीत कसे विभागले होते ते तपासा. प्लोटों आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मध्य आफ्रिकेतल्या वनगणनेच्या मोठ्या आकडेवारीवर हा प्रयोग केला. नमुने यादृच्छिकपणे वाटून पडताळणी केली तर आर-स्क्वेअर ०.५३, शेजारचे नमुने वेगळे ठेवून, अंतर राखून पडताळणी केली तर जवळजवळ शून्य. मॉडेल जंगल शिकलं नव्हतं, जवळच्या प्लॉटचा आकडा पाठ करत होतं. तीस प्लॉट जर चार-पाच गटांत असतील तर एक अख्खा गट बाहेर ठेवून पडताळणी करा. जो आकडा येईल तो कडू असेल, पण तोच द्या.

प्रतिमेवरच्या प्रक्रियेबद्दल लवकर उरकतो, कारण यातलं बरंचसं सॉफ्टवेअर करतं. पालसारच्या मोझेकमधली पूर्णांक मूल्यं थेट मॉडेलमध्ये घालू नका. मूल्याचा वर्ग, त्याचा दशमान लॉगॅरिदम, त्याला दहाने गुणा आणि त्यातून ८३ वजा करा. ३५०० हे मूल्य उणे १२.१ डेसिबल होतं, जे दाट जंगलातल्या एचव्हीला साजेसं आहे. सरासरी मात्र नेहमी पॉवरमध्ये (लॉगॅरिदम घेण्याआधीच्या वर्गमूल्यांत) काढायची, डेसिबलमध्ये नाही. एचएच (आडवी पाठवून आडवीच टिपलेली लहर) आणि एचव्ही दोन्ही असतील तर भर एचव्हीवर द्या. फांद्यांच्या गुंत्यात लहरींची दिशा फिरते ती एचव्हीत दिसते, तर एचएचमध्ये जमीन आणि जमीन-खोड अशी दुहेरी टप्प्याची परतफेड मिसळते. पूर आलेल्या जंगलात तर एचएच एकदम उजळतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाणी भरलेल्या वनांचे नकाशे नव्वदच्या दशकात जपानच्या जेईआरएस-१ ने याच गुणावर काढले. तोच गुण तुम्हाला बायोमासमध्ये नडेल, तेव्हा पूरक्षेत्र वेगळं काढा. वार्षिक मोझेक वेगवेगळ्या तारखांच्या पट्ट्या जोडून केलेलं असतं. पट्ट्यांची शिवण नकाशात दिसत असेल तर ओलाव्याचा फरक तुमच्या आकड्यांत घुसला आहे हे धरून चाला.

उताराबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. रडार तिरकं बघतं, त्यामुळे त्याच्याकडे तोंड केलेला उतार उजळ आणि पाठ केलेला अंधारा दिसतो. हा फरक काही डेसिबलचा असू शकतो, आणि आपण ०.२ वर रडत होतो. भूरूपाची दुरुस्ती केल्याशिवाय डोंगरी वर्षावनात पुढे जाऊच नका. त्यातली खोच अशी की दुरुस्तीसाठी बहुतेक जण एसआरटीएम या अंतराळ मोहिमेची उंची वापरतात. ती फेब्रुवारी २००० मध्ये सी-बँड रडारने मोजलेली आहे, म्हणजे जंगलावर ती जमिनीची उंची नसून पर्णछत्राच्या आत कुठेतरी लटकलेली उंची आहे. सलग जंगलात हे फारसं बाधत नाही. जंगलाच्या कडेला मात्र तिथे नसलेला 'कडा' तयार होतो आणि दुरुस्ती त्यालाच उतार समजते. कडेचे प्लॉट शक्यतो गाळावेत, असं माझं मत आहे. दर्शनकोन ३५ अंशांचा असेल आणि परतफेड जमिनीपासून २५ मीटर उंचीवरून येत असेल, तर उघड्या जमिनीच्या हिशेबाने ती जागा प्रतिमेत रडारच्या दिशेने सुमारे ३६ मीटर सरकते. तुमचा प्लॉट २० मीटर रुंद आहे.

आता प्लॉटवर येऊ, कारण माझ्या मते तुमची निम्मी अडचण तिथे आहे.

आपण ज्याला 'प्रत्यक्ष मोजलेला' बायोमास म्हणतो तोही मोजलेला नसतो. झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा व्यास मोजतो. आधारमुळं पसरलेली असतील तर त्यांच्या वर मोजतो. उंची मोजतो किंवा अंदाजतो. लाकडाची घनता प्रजातीवरून सारणीतून घेतो. मग समीकरण. उष्णकटिबंधीय वनांसाठी शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं समीकरण सर्रास वापरतात: घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार, त्याचा ०.९७६ वा घात, गुणिले ०.०६७३, उत्तर किलोत.

एक झाड घालून पाहा. व्यास १०० सेंमी, उंची ४५ मीटर, घनता ०.६. उत्तर येतं सुमारे १३.५ टन. हे झाड तुमच्या ०.१ हेक्टरच्या प्लॉटमध्ये पडलं तर एकट्याने हेक्टरी १३५ टनांची भर घालतं. प्लॉटची दोरी दोन मीटर अलीकडे टाकली असती आणि झाड बाहेर राहिलं असतं, तर तोच प्लॉट १३५ टनांनी हलका झाला असता. एक हेक्टरच्या प्लॉटमध्ये त्याच झाडाने फक्त १३.५ टनांचा फरक पडतो. तुमच्या ४०० टनांच्या प्लॉटांची मोजणीची वही उघडा. बहुधा प्रत्येकात असं एखाद-दुसरं झाड सापडेल. मग नकाशा ४०० दाखवत नाही म्हणून रडारला दोष द्यायचा की प्लॉटच्या आकाराला? झाडाचा माथा प्लॉटबाहेर १० मीटर पसरलेला असतो, खोड आत असतं; रडार माथा बघतं, आपण खोड मोजतो. त्यात दाट पर्णछत्राखाली हातातल्या जीपीएसची चूक सहज १० मीटरच्या घरात जाते. २० मीटर रुंद पट्टी आणि २५ मीटरचा पिक्सेल यांची जोडणी अशा स्थितीत निव्वळ नशिबावर आहे.

त्यामुळे नवे प्लॉट घ्यायची संधी असेल तर संख्या कमी करा पण आकार वाढवा. ५० × ५० मीटर हा किमान, १ हेक्टर उत्तम. पैसे आणि माणसं तेवढीच असतील तर तीस पट्ट्यांपेक्षा आठ-दहा पूर्ण हेक्टर मला जास्त उपयोगी वाटतात, फक्त ते सगळे जुन्या जंगलात नकोत. पडीक जमिनीवर उगवलेलं पाच-दहा वर्षांचं जंगल, निवडक तोड झालेलं जंगल, जुनं जंगल, असा पसारा हवा. एल-बँडचा वक्र जिथे चढता आहे त्या ० ते १०० टनांच्या पट्ट्यात प्लॉट नसतील तर वक्राचा आकारच कळत नाही.

लाकडाच्या घनतेचं वरच्याच झाडावर पाहा. सगळं तेच ठेवून घनता ०.६ ऐवजी ०.४ केली तर १३.५ चे ९ टन होतात. झाडाचं बाह्यरूप तेच, उंची तीच. रडारला काय, लेसरने उंची मोजणाऱ्या लायडारलाही हा फरक दिसणार नाही. ॲमेझॉनवर हेच मोठ्या प्रमाणात घडलं. साची यांच्या गटाचा २०११ चा आणि बाचिनी यांच्या गटाचा २०१२ चा, असे उष्णकटिबंधातल्या कार्बनचे दोन गाजलेले नकाशे. दोघांचाही पाया आइससॅट उपग्रहावरच्या लायडारची उंची. तरी अनेक ठिकाणी ते एकमेकांशी जुळेनात. मिचर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यांची जमिनीवरच्या प्लॉटांशी तुलना केली तेव्हा दिसलं की ईशान्येकडे, गयानाच्या बाजूला, जड लाकडाची जंगलं आणि नैऋत्येकडे हलक्या लाकडाची, हा जो ठळक उतार प्लॉटांत आहे तो नकाशांत नीट उतरलेलाच नाही. तुमच्या भागात प्रजातींची यादी असेल तर प्रत्येक प्रकारच्या जंगलासाठी सरासरी घनता काढून वेगळा थर म्हणून वापरा. हा कंटाळवाणा उद्योग नव्या उपग्रहापेक्षा जास्त फायदा देतो, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

मग नवे उपग्रह? दोन आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

निसार ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. नासाचा एल-बँड, इस्रोचा एस-बँड, दर १२ दिवसांनी तीच जागा. बायोमासच्या बाबतीत त्याच्या आखणीतच लक्ष्य हेक्टरी १०० टनांपर्यंतच्या जंगलाचं ठेवलेलं आहे. ही मर्यादा बनवणाऱ्यांनीच स्वतःहून आखली, आणि मला ते आवडतं. वर्षाकाठी तीसच्या आसपास प्रतिमा मिळाल्या की स्पेकल आणि ओलाव्याची चढउतार सरासरीत बरीच विरते. पुन्हा वाढणारं जंगल, लागवड, सव्हानाची कड, यासाठी हे उत्तम साधन आहे. जुन्या वर्षावनाचा साठा त्यातून निघणार नाही. तिथे वक्र सपाटच आहे, प्रतिमा कितीही घ्या.

युरोपीय अंतराळ संस्थेचा 'बायोमास' २९ एप्रिल २०२५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला. पहिला पी-बँड उपग्रह. ४३५ मेगाहर्ट्झ, १२ मीटरचा जाळीदार अँटेना. हा बँड अंतराळातून वापरायला आंतरराष्ट्रीय परवानगीच २००३ मध्ये मिळाली, आणि मिळाली ती फक्त ६ मेगाहर्ट्झची पट्टी, म्हणून प्रतिमा भरड आहे. बायोमासचा नकाशा २०० मीटरच्या चौकोनांचा असेल. उत्तर अमेरिका आणि युरोपवर संरक्षण रडारांना त्रास होऊ नये म्हणून तो चालवत नाहीत. आपल्या विषयाला त्याने काही फरक पडत नाही, उष्णकटिबंध मोकळा आहे. इतक्या लांब लहरी आयनमंडलात पिळवटतात, म्हणून त्याची कक्षा पहाट-संध्याकाळची ठेवली आहे.

पण त्याचं खरं बळ नुसत्या लांब लहरीत नाही. पी-बँड जमिनीपर्यंत पोचतो हा फायदा आणि तोटा एकाच वेळी आहे: जमीन-खोडाची परतफेड उतार आणि मातीच्या ओलाव्याने बदलते आणि बायोमासच्या संकेतात मिसळते. तिला वेगळं काढायला टोमोग्राफी लागते. सुरुवातीच्या सुमारे दीड वर्षाच्या टप्प्यात उपग्रह तीन-तीन दिवसांच्या अंतराने किंचित सरकलेल्या कक्षांतून तीच जागा सात वेळा बघतो, आणि सीटी स्कॅनसारखे जंगलाचे आडवे थर वेगळे करता येतात. २००९ च्या ट्रोपिसार मोहिमेत फ्रेंच गयानातल्या पाराकू आणि नूराग इथल्या जंगलांवर विमानातून हे करून पाहिलं होतं. हो तोंग मिन्ह आणि सहकाऱ्यांना त्यात दिसलं की एकूण बॅकस्कॅटर जिथे दाट जंगलात निरुत्तर होतो, तिथे जमिनीपासून ३० मीटरच्या आसपासच्या थरातून येणारी ऊर्जा हेक्टरी ४०० टनांच्या पुढेही बायोमासबरोबर वाढत राहते. त्या थरात बरंच काही उभं असेल तर खाली जाड खोडं असणारच, आणि जमिनीचा गोंधळ तिथवर पोचत नाही. पुढच्या टप्प्यात साधारण नऊ महिन्यांनी एक पूर्ण नकाशा, त्यात जमिनीची परतफेड इंटरफेरोमेट्रीने (प्रतिमांमधल्या लहरींच्या फरकावरून) खोडून मग बायोमास. २०० मीटरला चूक २० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं उद्दिष्ट आहे.

तोवर तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. दाट भागासाठी उंची आणा. अंतराळ स्थानकावरचं जेडी लायडार २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांत उंची देतं. ठिपके विखुरलेले असतात, पण प्लॉट आणि सलग नकाशा यांच्या मधली पायरी म्हणून चांगले. टॅनडेम-एक्स ही जर्मन रडार मोहीम दोन उपग्रहांनी एकाच वेळी बघते, त्यामुळे वाऱ्याने हललेल्या पानांचा घोळ त्यात नाही. लायडारने मोजलेली जमिनीची उंची जोडली तर त्यातून सलग उंची काढता येते. एकाच उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधून एल-बँडची उंची काढायचा मोह टाळा. मधल्या काळात पानं हलतात, पाऊस पडतो, कोहेरन्स (दोन प्रतिमांमधलं साम्य) कोसळतो, आणि मॉडेल त्या पडझडीलाच उंची समजतं.

तुमच्या हातातल्या सामग्रीवर मी असं करीन. सगळं १०० मीटरच्या चौकोनात आणीन. सेंटिनेल-१ आकड्यांतून काढून टाकीन. एल-बँडचं एचव्ही आणि वॉटर क्लाउड मॉडेल घेऊन १०० टनांपर्यंतचा नकाशा करीन, आणि त्यापुढच्या पिक्सेलना खोट्या अचूकतेचा आकडा न देता '१०० टनांहून अधिक' असा एकच रंग देईन. त्या रंगाच्या आत जेडीची उंची आणि जंगलप्रकाराची घनता घेऊन सरासरी आणि तिची चूक काढीन, पिक्सेलवार नाही, शेकडो हेक्टरांच्या गटांत. कार्बन हवा असेल तर ०.४७ ने गुणायचं, तेही अगदी शेवटी.

आणि हवा असलेला आकडा साठ्याचा आहे की बदलाचा, हे ठरवून घ्या. बदल हवा असेल तर चित्र बरंच सोपं होतं. ४०० टनांचं जंगल साफ झालं तर एल-बँडचं एचव्ही काही डेसिबलनी पडतं. आधी ३०० होतं की ४०० हे रडारला माहीत नसलं तरी पडझड स्पष्ट असते, आणि आधीचा साठा वरच्या गटाच्या सरासरीतून घेता येतो. निवडक तोड मात्र निसटते: ४०० चं ३२० झालं तर वक्राच्या सपाट भागातच सगळं घडलं. शिवाय तोडीनंतर लगेच घेतलेली प्रतिमा फसवी असते. आडवे पडलेले ओंडके आणि उभे बुंधे जागेवर असतात तोवर एचएच उलट वाढलेलं दिसतं, आणि नुसतं एचएच बघणारा तिथे जंगल दाट झालं असा निष्कर्ष काढतो. बदलासाठी एचव्हीच बघा, आणि खात्री करायला जागा साफ झाल्यानंतरच्या, कोरड्या दिवसांतल्या पुढच्या फेरीची प्रतिमा घ्या.